मानवी चूक आणि माझी सही

हा लेख बॉम्बवर आहे. आपल्या अंकात बॉम्ब बघून काहीजण म्हणतील, ह्याला झालंय काय? गावागावात अजून पाणवठ्याचे वांधे आहेत, शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत, आणि हा गिरणीवाला अणुबॉम्ब घेऊन बसलाय! अंक काढणारा आमचा मित्रही हेच बोलला. म्हणाला, तू आपली कविता दे. मी म्हटलं, कविता होत नाही. तीन महिने झाले, ओळ पुढं सरकत नाही. का सरकत नाही तेच लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल भ्रम राहणार नाही. मी एका खोट्या कागदावर सही केलीय.

मी कार्डिंग खात्यात आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही. जी लिहिली तिथंच हे झालं आणि बाकीच्या गिरण्यांत होत नाही असं कुणाला वाटू नये. कार्डिंगच्या मशीनच्या तोंडाशी दात्यांचा एक रूळ असतो. कापूस ओढून घेतो, पिंजून पुढं ढकलतो. त्याच्यावर झाकण. झाकणाला एक स्विच. झाकण उघडं असलं की मशीन चालता कामा नये, एवढंच त्या स्विचचं काम. पण कापूस अडकतो. पाळीत दहादा अडकतो. दरवेळी मशीन बंद, मग पुन्हा चालू, मग वेग धरेपर्यंत वाट बघा. पाळीचं वजन भरत नाही. मग काय करायचं? स्विचची दोन टोकं वायरीच्या तुकड्यानं जोडून टाकायची. मशीनला वाटतं झाकण बंदच आहे. झाकण उघडं, रूळ फिरतोय, आणि माणूस आत हात घालून कापूस काढतोय. अख्ख्या खात्याला हे ठाऊक. वरच्यालाही ठाऊक. आमच्या लायनीतली तीन मशीनं मी माझ्या हातानं जोडलेली. सांगितलं म्हणून जोडली. पण हात माझा.

एका रातपाळीला, पहाटे चारच्या सुमाराला, माझ्या सोबत्यानं हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. पेळूत लाल दिसलं तेव्हा मी मशीनचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर वायरीचा तुकडा नव्हता. स्विच जसा कंपनीतून येतो तसा. आणि टेबलावर टाईप केलेला कागद तयार. कामगारानं सूचनेकडं दुर्लक्ष करून चालू यंत्रात हात घातला. सुरक्षेची साधनं सुस्थितीत होती. कारण : मानवी चूक. खाली साक्षीदार दोन. दुसरी सही माझी.

मी वाचून सही केली. न वाचता केली असती तर निदान तेवढं तरी बोलता आलं असतं.

त्या दिवसापासून ‘मानवी चूक’ हे दोन शब्द माझ्या डोक्यात माशीसारखे बसले. पेपरात, मोबाईलवर, जिथं ते शब्द दिसतील तिथं थांबायला लागलो. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात शिकलो. इंग्रजी वाचायचं तर शब्दकोश मांडीवर. असं वाचत वाचत मी बॉम्बपाशी येऊन पोचलो.

९ मार्च २०२२. आपल्या देशाचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू नावाच्या गावाजवळ जाऊन पडलं. सुटलं म्हणजे कुणी सोडायचं ठरवलं नव्हतं, सुटलं. दोन्ही देशांकडं अणुबॉम्ब. पाकिस्ताननं १० तारखेला जगाला सांगितलं. आपलं सरकार ११ तारखेला बोललं. काय बोललं? नेहमीची देखभाल चालली होती, तांत्रिक बिघाड झाला, अपघातानं क्षेपणास्त्र सुटलं, खेद वाटतो, चौकशी लावली आहे. नशीब की त्यात स्फोटकं नव्हती आणि माणूस मेलं नाही.

पाच महिने गेले. २३ ऑगस्टला हवाई दलानं कळवलं, तीन अधिकारी बडतर्फ. ठरवून दिलेल्या पद्धतीप्रमाणं ते वागले नाहीत म्हणून क्षेपणास्त्र सुटलं.

आता माझ्यासारख्या आठवी पास माणसाला एक साधा प्रश्न पडतो. मार्चमध्ये चूक यंत्राची होती. ऑगस्टमध्ये तीच चूक माणसाची झाली. क्षेपणास्त्र तेच, दिवस तोच. मधे काय घडलं? मधे चौकशी झाली. कबूल. पण त्या चौकशीचा कागद तुम्ही-आम्ही पाहिलाय? त्या तिघांतला एकजण दिल्लीच्या हायकोर्टात गेला. त्याचं म्हणणं, मला शिक्षण दिलं होतं देखभालीचं, ते चालवण्याचं नव्हे. त्याचं खरं की सरकारचं खरं हे मी ठरवणार नाही. मला एवढंच कळतं, की ज्याच्यावर ठपका आला त्यानं तोंड उघडलं तेव्हाच आपल्याला एक नवीन गोष्ट कळली. तो गप्प बसला असता तर दोन शब्दांत सगळं आटपलं होतं.

चौदा एप्रिलला मी गावी गेलो. दासगावला. महाडच्या अलीकडं, सावित्रीच्या काठाला आमचं गाव. मुंबई-गोवा रस्ता गावावरून जातो. रात्री आजीपाशी बसलो होतो. तिला सहीची गोष्ट सांगितली. आईला सांगितली नाही, आजीला सांगितली. आजी ऐकून घेते. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली,

“तुझ्या पणज्याची गोष्ट तुला ठावं हाय का? गोदीच्या भडक्याची?”

थोडी ठाऊक होती. पणजा मुंबईत गोदीत मजूर. डोक्यावरून गोणी वाहायचा. १४ एप्रिल १९४४ ला त्यानं खाडा केला. बाबासाहेबांची जयंती म्हणून. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आपला माणूस मजुरांचा मंत्री, आणि त्याच्या वाढदिवशी आपण गोणी वाहायची? पणजा गेला नाही. संध्याकाळी चारच्या पुढं गोदी उडाली.

“बाबासायबांनी वाचावला त्याला,” आजी म्हणाली.

मी म्हटलं, “आजी, खाड्यानं वाचवला.”

“मंग खाडा कुणापायी केला?”

ह्याला उत्तर नाही.

तर ती गोदीची गोष्ट. मी नंतर शोधून शोधून वाचली. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं इंग्रजांचं जहाज. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातून निघालं, कराचीला थांबलं, १२ एप्रिलला मुंबईला लागलं. पोटात १३९५ टन दारूगोळा. त्यात सुरुंग, टॉर्पेडो, तोफेचे गोळे. शिवाय विमानं. शिवाय सोन्याच्या १२४ विटा. कराचीला त्याच पोटात काय भरलं? कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, मासळीचं खत.

कापूस! दोस्तांनो, कापूस कसा जळतो ते मला विचारा. ब्लो रूममध्ये लोखंडाचा एक खिळा कापसाबरोबर आला आणि ठिणगी पडली, की आमचं सगळं खातं पळतं. कापूस भडकला तर दिसतो. नाही भडकला तर गाठीच्या पोटात धुमसतो. वरून पाणी मारा, गाठ ओली दिसते, आत लाल. तासाभरानं पुन्हा धूर. असल्या मालाच्या शेजारी दारूगोळा ठेवायचा हे कुण्या मजुरानं ठरवलं नव्हतं. मजुराला ‘ठेव’ म्हटलं, त्यानं ठेवलं.

शांततेच्या काळात असा नियम होता, की दारूगोळ्याचं जहाज गोदीत आणायचंच नाही. बाहेर समुद्रात उभं करायचं आणि छोट्या तराफ्यांनी माल उतरवायचा. लढाईची घाई म्हणून नियम बाजूला ठेवला. जहाज शहराच्या कुशीत आणून बांधलं, व्हिक्टोरिया डॉकमध्ये. १४ तारखेला दुपारी दोनच्या आसपास दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. बंब आले. नऊशे टनांच्या वर पाणी ओतलं. जहाज तिथंच बुडवायचं, की ओढून बाहेर न्यायचं? दोन तास कुणी काही ठरवलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन दिन. आपल्या मिरवणुकीच्या दिवशीच त्यांची मानवंदना असते. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

पेपरवाल्यांना लिहायची बंदी. मुंबई जळत होती, सगळी मुंबई बघत होती, पण छापायचं नाही. आधी परक्या रेडिओनं सांगितलं. मग सरकारी चौकशी बसली. चौकशीनं म्हटलं, घातपात नव्हे, अपघात. आग बहुधा कुणाच्या तरी पेटत्या सिगारेटनं कापसाला लागली असावी. त्याच चौकशीनं कारभारातल्या गोंधळावरही बोट ठेवलं, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर मीही तेच केल्यासारखं होईल जे ते करतात. पण लोकांच्या तोंडी काय उरलं? सिगारेट. गोंधळाला तोंड नसतं, सिगारेटला असतं. खणात उतरणारा कोण? मजूर. सिगारेट कुणाची? मजुराची.

आजीनं सांगितलं, तिचा सासरा शेवटपर्यंत एकच बोलायचा, “इडी आमची, आन् बारूद कुनाची?”

मी समजा धरून चालतो की सिगारेट मजुराचीच होती. असेल. पहाटेपासून वाकून कंबर मोडलेल्या माणसानं दोन झुरके मारले असतील. त्यानं चूकच केली. पण एका मजुराच्या दोन झुरक्यांनी जिथं निम्मं शहर हादरतं, तिथं शहर त्या झुरक्यांवर उभं कुणी केलं? हा प्रश्न विचारला की म्हणतात, तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता.

आणि मेले किती? कुणी ८०० म्हणतं, कुणी १३००. नक्की आकडा आजपर्यंत नाही. सोन्याच्या विटा मात्र १२४, बरोबर १२४. त्या उडून लांब लांब पडल्या. एक तर मैलभर लांबच्या एका पारशी म्हाताऱ्याच्या घराचं छप्पर फोडून आत आली, त्यानं ती परत केली. पुढं कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा मिळत गेल्या आणि प्रत्येक विटेची नोंद झाली. आजी म्हणते, पणज्याच्या ओळखीचे किती तरी रोजंदार त्या दिवशी गेले. त्यांचं हजेरीत नावच नव्हतं. नावच नव्हतं म्हणून ते मेलेही नाहीत. विटेवर नंबर असतो. माणसाच्या अंगावर नसतो.

मग मी अमेरिकेचं वाचायला घेतलं. एरिक श्लोसर नावाच्या माणसाचं एक जाड पुस्तक आहे, २०१३ सालचं. ते शब्दकोशाच्या आधारानं चार महिने वाचत होतो. त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली. १८ सप्टेंबर १९८०, आर्कान्सा राज्यात दमास्कस गावाजवळ. जमिनीखालच्या विहिरीत टायटन क्षेपणास्त्र उभं. डोक्यावर नऊ मेगाटनचा बॉम्ब. देखभाल करणाऱ्या एका पोराच्या हातून पान्याचं सॉकेट निसटलं. खाली गेलं, आपटलं, क्षेपणास्त्राच्या टाकीला भोक पडलं. इंधन गळायला लागलं. पहाटे स्फोट झाला. बॉम्ब उडून बाहेर जाऊन पडला. तो फुटला नाही. एक जवान मेला. लोक विचारत होते, इथं अणुबॉम्ब आहे का? हवाई दलाचं उत्तर : आहे असंही म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. बॉम्ब शेजारी पडलाय आणि उत्तर हे.

दुसरी. २४ जानेवारी १९६१, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं गोल्ड्सबरो. बी-५२ विमान हवेत मोडलं, त्यातनं दोन हायड्रोजन बॉम्ब खाली आले. सरकारनं लोकांना सांगितलं, घाबरू नका, स्फोटाचा धोका नव्हता. १९६९ मध्ये त्यांच्याच एका तज्ज्ञानं आतल्या कागदावर लिहून ठेवलं, की एका बॉम्बची बाकीची सगळी सुरक्षा निकामी झाली होती. महासंकट आणि अमेरिका यांच्या मधे उभा होता कमी दाबाचा एक साधा स्विच. हा कागद लोकांनी पाहिला २०१३ मध्ये. बावन्न वर्षांनी.

रात्री दोन वाजता हे वाचत होतो. ‘स्विच’ शब्द आला आणि मी पुस्तक मिटलं. बॉम्बचा स्विच त्या रात्री शाबूत होता म्हणून माणसं वाचली. आमच्या मशीनचा स्विच मी वायरीनं बांधला होता. अमेरिकेच्या हवाई दलात कुणी वजनासाठी, वेळेसाठी, वरच्याच्या ओरड्यासाठी अशी वायर कधीच बांधली नसेल? मला नाही पटत. कारण मी बांधलीय. मी वाईट माणूस नाही. मला फक्त पाळी भरायची होती.

म्हणून ‘सगळं सुरक्षित आहे’ असं कुणी सांगितलं की माझा विश्वास बसत नाही. ही बुद्धीची ऐट नव्हे. मी ती वायर पाहिलीय.

पण दुसऱ्या बाजूलाही एक खड्डा आहे, तोही सांगतो. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या मायनॉट तळावर सहा क्षेपणास्त्रं अण्वस्त्रांसकट चुकून विमानाला लावली गेली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचली. छत्तीस तास कुणाच्या लक्षात आलं नाही. सरकार म्हणालं, तपासणीच्या पायऱ्या गाळल्या गेल्या. त्यावर बरेच लोक म्हणाले, छे, एवढी मोठी चूक होऊच शकत नाही, हा गुप्त कट होता, कुठंतरी लढाई सुरू करायची होती. मलाही आधी तसंच वाटलं. मोठ्या गोष्टीला मोठं कारण पाहिजे असं आपल्याला वाटतं.

पण गिरणीत काम करणाऱ्याला हे वाटू नये. पायऱ्या कशा गाळल्या जातात ते आम्हाला ठाऊक आहे. दर पाळीला तक्त्यावर ‘तपासले, तपासले, तपासले’ अशा बरोबरच्या खुणा एकदम, एका दमात, पाळी संपताना होतात. कटाची गरजच नाही. कट शोधणारा आणि सरकारी कागद लिहिणारा, दोघांनाही एक गोष्ट टाळायची असते : रोजचं काम कसं चालतं ते बघणं. एकजण आकाशातला राक्षस दाखवतो, दुसरा खालचा मजूर दाखवतो. मधली सगळी माणसं सुटतात. मायनॉटच्या वेळी निदान एवढं झालं, की दुसऱ्या वर्षी, जून २००८ मध्ये, अण्वस्त्रांच्या एकूण बेपर्वाईवरून हवाई दलाचा प्रमुख आणि हवाई दलाचा मंत्री दोघांना घरी जावं लागलं. ठपका वर चढू शकतो. चढवला तर चढतो.

आपल्याकडं? आपल्याकडं तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार झालेल्या प्लुटोनियमचा १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट केला. नाव काय दिलं? शांततामय स्फोट. ज्यांनी ते काम पार पाडलं त्या राजा रामण्णांनीच १९९७ मध्ये सांगितलं की तो बॉम्बच होता. तेवीस वर्षं देशाच्या पाठ्यपुस्तकात शांतता होती. आणि तुम्ही कागद मागायला गेलात तर १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आहे, अणुऊर्जेचाही कायदा आहे. देशाची गुपितं असू नयेत असं मी म्हणत नाही. बॉम्ब कसा बनवतात ते मला नको आहे. पण माणूस कसा मेला ह्यात गुपित कुणाचं?

आपल्या महाराष्ट्रातलंच बघा. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव, लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री तिथं आग लागली, माणसं गेली, विझवायला धावलेलीही गेली. मग २० नोव्हेंबर २०१८ ला, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा मेले. त्यात ठेकेदाराकडचे रोजंदार मजूर होते, आजूबाजूच्या गावांतले. १९४४ ला गोणी वाहणारा रोजंदार, २०१८ ला पेटी उतरवणारा रोजंदार. मधे इंग्रज गेले, झेंडा बदलला. पेटीखालचं डोकं बदललं नाही.

म्हणून म्हणतो, बॉम्ब हा आपला विषय आहे. पेटी कोण उचलतो ते बघा, मग विषय कुणाचा ते कळेल.

आणि लष्कराचं सांगायचं तर आपल्याइतका जुना अनुभव कुणाला? आमच्या भागात घरोघर पेन्शनर सुभेदार-हवालदारांच्या गोष्टी आहेत. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हवालदार म्हणून निवृत्त झाले. ज्या फौजेनं कोरेगावच्या खांबावर महार शिपायांची नावं कोरली, त्याच फौजेनं १८९० च्या दशकात ठरवलं, महारांना घ्यायचं नाही. कारण काय दिलं? ही लढाऊ जात नव्हे. बघा, हे पण सरकारी स्पष्टीकरणच! खांब उभा, नावं कोरलेली, आणि कागद म्हणतो तुम्ही लढाऊ नाही. वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. फौजेचाच इतिहास त्यात मांडला. त्यांना कुणी ऐकलं नाही. पण अर्ज राहिला, आणि आज आपण तो अर्ज खरा मानतो, त्यांचं कारण नव्हे. पुढं १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ते कारण कुठं गेलं? लढाईला माणसं पाहिजे होती, जात एका रात्रीत लढाऊ झाली!

माझ्या लहानपणची एक गोष्ट. जुलै २००५. दासगाववर डोंगर आला. जुई, रोहन, कोंडिवते, इथंही आला. मी सहा-सात वर्षांचा. चिखलाचा वास अजून नाकात आहे. कागदावर लिहिलं, नैसर्गिक आपत्ती. पाऊस पडला हे खरं, डोंगर निसर्गाचाच. पण त्यानंतर वर्षानुवर्षं माणसं पत्र्याच्या शेडीत राहिली. ते पत्रे काही आभाळातून पडले नव्हते. आपत्ती नैसर्गिक, शेड सरकारी. पहिल्या शब्दाच्या आड दुसरा लपवला.

मग करायचं काय? घोषणा देऊन झोपायचं? ह्याचं उत्तर मला आमच्या बंदरावरच मिळालं.

त्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीवर गेलो. २५ डिसेंबर १९२७ ला ‘पद्मावती’ बोट इथं लागली होती. बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी इथं उतरले. इथंच त्यांच्या हातात जिल्ह्याच्या साहेबाची चिठ्ठी पडली आणि प्रतिनिधी इथून चालत पाच मैल महाडला गेले. मनुस्मृती त्याच रात्री जळाली, हे आपल्याला पाठ आहे. पण दुसरं आपण विसरतो. त्या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम होता. सवर्णांनी दावा लावला होता, की चवदार तळं खाजगी मालकीचं आहे. म्हणजे विटाळ नाही, जात नाही, फक्त मालकीचा प्रश्न! केवढं सभ्य स्पष्टीकरण. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं आणि कोर्टात उभे राहिले. साक्षी, नकाशे, जुने कागद. एक नाही, दोन नाही, जवळजवळ दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. खोटं कागदावर लिहिलेलं होतं, ते कागदावरच खोडलं.

बुद्धानं कालामांना सांगितलं ते आपण प्रत्येक धम्मपरिषदेत ऐकतो : सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. पण त्याचा अर्थ, कुणाचंच मानू नका असा नाही. स्वतः बघा, तपासा, मग माना. संशय घ्यायचा तर पणज्यासारखा घ्यायचा : विडी कुणाची हे विचारायचं आणि बारूद कुणाची हेही विचारायचं. स्पष्टीकरणात कुणाचं नाव आहे ते बघायचं, मग कुणाचं नाही ते बघायचं. कागद कुणी लिहिला, आणि साक्षीदार कोण, तो कुणाच्या पगारावर आहे?

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे.

माझ्या सोबत्याची बायको गेल्या महिन्यात आमच्या खोलीवर आली. वहिनी बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. भरपाईचा दावा चालू आहे. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात एक कलम होतं : कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं किंवा नियम मोडला तर मालकाची सुटका. कायदे बदलले, ही पळवाट तशीच पुढं आली. मालकाच्या वकिलानं तोच कागद पुढं केलाय. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमची सही हाय त्यावर. तुम्ही तिथं होतात. मला एवढंच सांगा, ते लिवलंय तसंच झालं होतं का?”

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “नाही वहिनी.”

“मंग?”

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. स्विचला वायर होती, ती कुणाच्या सांगण्यावरून होती, ती दुसऱ्या दिवशी नव्हती, आणि आमच्या लायनीत ती बांधणारा हात माझा होता, हे सगळं सांगणार आहे. शेवटचं वाक्य सोडून बाकीचं सांगितलं तर मीही सरकारी कागदच लिहिला असं होईल. नोकरी बहुतेक जाईल. ठेकेदाराला मला काढायला कागदही लागणार नाही. आजीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्या पणज्यानं एक दिस खाडा केला त जगला. तू जा.”

कविता अजून झालेली नाही. साक्ष दिली की बघू.

जय भीम.